अंगठ्याची खूण

इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आमच्या ऑफिसचा बिझनेस पार्क जिथे संपतो, तिथे रग्बीचं एक मैदान आहे. त्याच्या मागचा गवताचा तुकडा एका बेसबॉल क्लबने भाड्याने घेतला होता. मी तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा कार पार्कमध्येच आवाज ऐकू आला. ओल्या पोत्यावर कुणीतरी दांडकं हाणतंय असा. जाऊन पाहिलं तर कुंपणाच्या खांबाला ट्रकचा जुना टायर बांधलेला आणि साठी ओलांडलेला एक जपानी गृहस्थ बॅटने त्याला बडवतोय. प्रत्येक फटक्याला बॅट उलटून त्यांच्याच अंगावर यायची, ते ती मनगटात जिरवायचे आणि पुन्हा हाणायचे. तळहाताला गुंडाळलेल्या पट्टीवर रक्त उमटलं होतं. मला बघून ते थांबले नाहीत.

"काय खेळतेस?" त्यांनी विचारलं.

"कॅचर. सॉफ्टबॉल. इंडियात."

"बस," ते म्हणाले आणि टायरच्या मागची जागा बॅटने दाखवली.

मी जळगावची. आमच्याकडे शाळेतल्या मुली सॉफ्टबॉल खेळतात, राज्याच्या टीममध्ये जातात, हे माझ्या पुण्याच्या नवऱ्याला लग्नानंतर कळलं. कॅचर म्हणजे क्रिकेटमधला विकेटकीपरच, फक्त तो बॅटरच्या इतका जवळ उकिडवा बसतो की बॅट फिरली की वारा तोंडाला लागतो. चेंडू कुठे टाकायचा याची खूण कॅचर दोन मांड्यांच्या मध्ये बोटांनी करतो आणि समोरचा पिचर तसा फेकतो. बाकी, लागतं ते सगळं कॅचरला. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं शाळेतच वाकडी झाली आहेत.

त्या गृहस्थांना क्लबमध्ये सगळे 'कांतोकु' म्हणायचे. जपानीत टीमच्या मॅनेजरला असं म्हणतात. ते तिकडचे व्यावसायिक खेळाडू होते, चेंडू मैदानाबाहेर धाडून होम रन काढणारे. एके काळी ते बॅट घेऊन उतरले की हजारो लोक ढोल-कर्ण्यांच्या तालावर खास त्यांच्यासाठी रचलेलं गाणं म्हणायचे. बायको गेल्यावर ते इकडे मुलीकडे राहायला आले. मुलगी एका इंग्लिश माणसाशी लग्न करून इथेच स्थायिक झालेली. डाव्या डोळ्याने त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं, त्यामुळे गाडी चालवता येत नव्हती. त्यांचं घर माझ्या वाटेवर, म्हणून शनिवारी सकाळी त्यांना घ्यायचं आणि दुपारी सोडायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यांची कारकीर्द मी ऐकली ती अशी, माझ्या छोट्या गाडीत, शेजारच्या सीटवर गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसलेल्या माणसाच्या तोंडून.

ते इंग्लिश तुकड्या-तुकड्यांनी बोलत. शाळेतल्या टीमबद्दल विचारलं तर म्हणाले, "मार. रोज मार."

वरच्या वर्गातली मुलं त्यांना सिमेंटवर गुडघ्यांवर बसवून ठेवायची. मांड्या बधिर झाल्या की त्यावर बॅट ठेवून वर उभी राहायची. पळताना कुणी पाणी प्यायलं तर सगळ्या टीमला फटके. प्रशिक्षक मुठीने मारायचे, आणि मारून झालं की मुलांनी मोठ्याने 'आभारी आहे' म्हणायचं. एका मुलाने एकदा हळू म्हटलं, तर त्याला पुन्हा मारलं, नीट ऐकू येईपर्यंत.

"आणि तुम्ही वरच्या वर्गात गेल्यावर?"

"मी सगळ्यात जोरात मारायचो," ते म्हणाले. त्यात बढाई नव्हती आणि शरमही नव्हती. उंची सांगावी तसं सांगितलं.

मी म्हटलं, आमचे सरही मारायचे. तुटक्या हॉकी स्टिकने, पोटऱ्यांवर. चेंडू हातातून सुटला की एक. मुली रडल्या की आणखी एक.

त्यांनी मान हलवली. "म्हणून तू चांगली कॅचर."

"नाही कांतोकु. मी चांगली होतेच. त्यांच्यामुळे माझ्या तीन मैत्रिणींनी खेळ सोडला. त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या."

 राउंडअबाउट गेला, पेट्रोल पंप गेला. मग म्हणाले, "तू फार बोलतेस." पण पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्यासाठी डब्यात भाताचे गोळे आणले होते, आत लोणच्यासारखं काहीतरी आंबट घातलेले.

डोळ्याचं त्यांनी असंच एकदा सांगितलं, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना. ते प्लेटला, म्हणजे बॅटरपुढे जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या पाटीला, अगदी चिकटून उभे राहायचे, त्यामुळे पिचरना त्यांचा राग. एका टीमच्या पिचरने चेंडू सरळ त्यांच्या तोंडावर टाकला. भात खाताना दाताखाली खडा यावा तसा आवाज त्यांना डोक्याच्या आतून आला. डोळ्याखालचं हाड फुटलं होतं. हॉस्पिटलमध्ये गालात धातूची पट्टी बसवली. बरे होऊन ते परत खेळायला आले, तेव्हा त्याच पिचरने पहिलाच चेंडू त्यांच्या पाठीमागून टाकला.

"मी बॅट टाकली," ते म्हणाले. "लोक म्हणतात मी बॅट घेऊन गेलो. खोटं. टाकली. मग पळालो."

त्यांनी त्या पिचरला गाठलं आणि तोंडावर ठोसा मारला. तो पडला. मग त्याचा फेकीचा हात दोन्ही हातांनी धरून उलटा पिळला. वरून दोन्ही टीम येऊन पडल्या. त्या ढिगाऱ्याखाली त्यांना हाताखालचं कोपर सुटल्याचं जाणवलं, आणि तरीही त्यांनी हात सोडला नाही. तो पिचर पुन्हा कधी खेळला नाही. कांतोकुंना काही सामन्यांची बंदी झाली. ते परत आले तेव्हा अख्खं स्टेडियम उभं राहून त्यांचं गाणं म्हणत होतं, आणि त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला मोसम तोच ठरला.

"अजून म्हातारी माणसं भेटतात तिकडे," ते म्हणाले. "होम रनचं नाही बोलत. त्या दिवसाचं बोलतात. हात मिळवतात."

नंतर ते तिकडे तरुण खेळाडूंचे प्रशिक्षक झाले, आणि एका मुलाच्या कानशिलात मारून त्याच्या कानाचा पडदा फाडल्यावर त्यांना काढून टाकलं. हे मात्र त्यांनी नाही, त्यांच्या मुलीने मला सांगितलं. "बाबांना आजही वाटतं की जमाना बदलला म्हणून ते अडकले," ती म्हणाली. ती वडलांशी प्रेमाने वागायची, पण त्यांच्या हाताच्या टप्प्यात कधी बसायची नाही. जेवताना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला खुर्ची.

आमच्या क्लबमध्ये त्यांनी कुणावर हात उगारला नव्हता. कमिटीने सुरुवातीलाच तसं बजावलं होतं. ओरडायचे, बॅट आपटायचे, हेल्मेट कुंपणावर भिरकावायचे, पण माणसाला हात नाही. आमचा पिचर व्यवसायाने इलेक्ट्रिशियन, पंचविशीतला, अंगाने काटकुळा आणि हाताने भयंकर. कांतोकुंवर त्याचा जीव होता. त्याचे वडील लहानपणीच घर सोडून गेले होते. कांतोकु 'चांगलं' म्हणाले की तो लाल व्हायचा.

तो सामना किनाऱ्याकडच्या एका गावाच्या टीमशी होता. त्यांच्याकडे दाढीवाला एक धिप्पाड बॅटर होता, छपरं शाकारण्याचं काम करणारा. सामन्याच्या मध्यावर तो धाव पूर्ण करायला पळत होम प्लेटकडे आला तेव्हा चेंडू आधीच माझ्या हातात होता. तो आउटच होता. पळणाऱ्याने कॅचरला धडक द्यायची नाही असा नियम आहे. त्याने खांदा खाली घातला आणि माझ्या छातीत घुसला.

मी उडून मागे पडले. मास्क कुठे गेला कळलं नाही. तोंडात माती आणि रक्त. श्वास आत जाईना. आभाळ दिसत होतं, त्यात ढग होते, आणि मला वाटलं की आता श्वास यायचाच नाही. मग एकदम आला, आणि त्याबरोबर डाव्या बरगड्यांत सुरी फिरल्यासारखी कळ. चेंडू माझ्या मिटमध्येच, कॅचरच्या त्या जाड हातमोज्यातच होता. मी तो वर करून दाखवला. अंपायरने त्याला आउट दिलं.

तो माझ्या अंगावरून जाताना म्हणाला, "घरी जा, डार्लिंग." कुठल्या घरी, ते बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती.

अंपायरने त्याला फक्त ताकीद दिली.  मी उठले, थुंकले, बरगड्यांवरून चेस्ट प्रोटेक्टर घट्ट आवळला. मला राग आला होता. त्या माणसाचं तोंड फुटलेलं बघायची मला इच्छा होती, हे मी लपवणार नाही.

दोन-तीन डावांनी तोच बॅटर पुन्हा प्लेटवर आला. मी खाली बसून आमच्या बाकाकडे पाहिलं. खुणा आधी कांतोकु मला करायचे आणि मी त्या पिचरला द्यायची. कांतोकुंनी टोपीला हात लावला, आणि मग अंगठा बाहेर उडवला. सरावात ही खूण त्यांनी आम्हाला एकदाच दाखवली होती आणि हसले होते. याला मार.

मी पिचरला बाहेरच्या चेंडूची खूण केली.

पिचरने कांतोकुंची खूणही पाहिली होती. तो माझ्याकडे बघेना. कांतोकुंनी पुन्हा अंगठा उडवला. मी मान हलवली, सगळ्यांना दिसेल अशी. त्यांनी टाइम मागितला आणि ते चालत पिचरकडे निघाले. मीही बरगड्या धरून तिकडे गेले.

"डोक्यावर नको," मी म्हटलं. "कुठेच नको."

"त्याने तुला तोडलं," कांतोकु म्हणाले. त्यांचा चांगला डोळा लाल झाला होता. "टीम आहे. टीम हिशोब चुकता करते."

"मी मागितलाय का हिशोब? मार मला लागला ना?"

"तू कॅचर. खाली बस."

"कांतोकु, तो चेंडू कसा लागतो हे तुम्हीच मला सांगितलंय."

क्षणभर त्यांचा चेहरा हलला. मग त्यांनी पिचरच्या छातीवर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, "पुरुष आहेस ना?" आणि वळून निघून गेले.

मी त्या मुलाला म्हटलं, "ऐकू नकोस." त्याचे ओठ पांढरे पडले होते. अंपायर ओरडला. मी परत जाऊन बसले.

चेंडू त्याच्या हातातून सुटला तेव्हाच कळलं. मी उडी मारून मिट वर नेला, बरगड्या फाटल्यासारख्या झाल्या, पण चेंडू मिटपर्यंत आलाच नाही. बॅटर मागे झुकला होता, पण चुकीच्या बाजूला. चेंडू त्याच्या जबड्यावर लागला. वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज. बॅट सुटली. तो उभा होता, दोन पावलं चालला, जणू काही आठवून कुठेतरी निघाला होता, आणि तोंडावर कोसळला.

मग दोन्ही बाकं मैदानात आली. त्यांच्या एका खेळाडूने आमच्या पिचरला खाली पाडलं आणि त्याच्या पोटात लाथा घातल्या. आमच्या अकाउंटंटने कुणाच्या तरी पाठीत हेल्मेट हाणलं. रोज ऑफिसला जाणारी, मुलांना शाळेत सोडणारी माणसं एकमेकांचे कान ओढत होती, नाकावर डोकं आपटत होती. कांतोकु त्या गर्दीत घुसले. त्यांच्या अंगावर आलेल्या एकाला त्यांनी एका ठोशात आडवा केला, दुसऱ्याला शर्टाला धरून फेकला. या वयातही ते अंग फिरवायचे कमरेतून, टायरला मारायचे तसंच.

मी बॅटरजवळ गुडघ्यावर होते. त्याला कुशीवर वळवलं, रक्त घशात जाऊ नये म्हणून. जबडा एका बाजूला लोंबत होता. गवतावर दोन दात पडले होते. तो घोरल्यासारखा श्वास घेत होता आणि त्याने माझ्या पायाचं पॅड मुठीत घट्ट धरलं होतं. तासाभरापूर्वी मला त्याचं तोंड फुटलेलं हवं होतं. आता ते माझ्या हातात होतं, ऊन ऊन.

"अँब्युलन्स!" मी ओरडत होते. मराठीत काहीतरी ओरडले असेन.

गर्दीतून कांतोकु बाहेर आले, शर्ट फाटलेला, मुठी रक्ताळलेल्या. त्यांनी खाली पाहिलं आणि ते थांबले. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला, जिथे ती पट्टी होती तिथे. मग ते मातीत गुडघ्यांवर बसले आणि अँब्युलन्स येईपर्यंत तसेच बसून राहिले. मागून कुणीतरी येऊन त्यांच्या कानावर मारलं. त्यांनी मान वळवली नाही.

पोलीस आले, जबाब झाले. लीगची चौकशी व्हिडिओ कॉलवर झाली, सगळे आपापल्या किचनमधून. माझ्या दोन बरगड्यांना तडे गेले होते, मी उशीला टेकून बसले होते. मी पाहिलं ते सगळं सांगितलं. पिचर म्हणाला, चेंडू निसटला. कांतोकुंनी कॅमेऱ्यात बघून सांगितलं, "खोटं. मी सांगितलं. त्याने ऐकलं." पिचरला मोठी बंदी झाली, कांतोकुंना कायमची. त्यांना मैदानात पाय ठेवायलाही मनाई. दाढीवाल्याने पोलिसांकडे तक्रार पुढे न्यायला नकार दिला. का, ते कुणाला कळलं नाही.

नवरा म्हणाला, "अगं, आता पुरे झालं ना हे? तुला खेळायचंच तर ऑफिसच्या लेडीज क्रिकेटमध्ये खेळ."

"बघू."

"बघू काय? तुला रात्री कूस बदलता येत नाही. आणि तो माणूस, त्याला तू अजून फोन करतेस."

"मी नाही करत. त्यांची मुलगी करते."

ती खरंच करत होती. एका रविवारी तिचा आवाज थकलेला होता. "बाबांना त्या माणसाच्या घरी जायचंय. मी म्हटलं, मी नेणार नाही, तो तुमचा जीव घेईल. तर स्टेशनकडे चालत निघालेत, सूट घालून."

मी त्यांना वाटेत गाठलं आणि गाडीत बसवलं.  त्यांच्या हातात केकचा एक खोका होता, रिबिन बांधलेला.

ते घर एका लांबलचक रांगेतलं होतं, समोर व्हॅन, व्हॅनवर शिड्या. मी बेल वाजवली. दार त्यानेच उघडलं. तोंड सुजलेलं, पिवळं-जांभळं, दात रबरांनी बांधलेले. मी बोलायच्या आत कांतोकुंनी खोका बाजूला ठेवला, ड्राइव्हवेच्या खडीवर गुडघे टेकले, तळहात टेकले आणि कपाळ टेकलं.

तो बघत राहिला. मग पायऱ्या उतरून आला, त्याने कॉलर धरून त्यांना उभं केलं आणि तोंडावर ठोसा मारला. कांतोकु पडले. मी पुढे झाले तर त्यांनी हात करून मला थांबवलं. ते उठले, कोट सारखा केला आणि पुन्हा खडीवर कपाळ टेकलं. त्याने त्यांना पुन्हा उचललं. दुसऱ्यांदा हात मागे नेला तेव्हा मी त्याचं मनगट दोन्ही हातांनी पकडलं. बरगड्यांतून कळ गेली आणि मी किंचाळले, पण सोडलं नाही.

"एक झाला," मी म्हटलं. "एक पुरे."

आम्ही तिघं तसेच उभे होतो, एकमेकांना धरून. मग त्याचा हात ढिला पडला. तो पायरीवर बसला, त्याचे खांदे हलायला लागले. बांधलेल्या दातांमधून लाळ गळत होती, ती तो बाहीने पुसत होता. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे बघून दातांच्या फटीतून विचारलं, "तुझ्या बरगड्या?"

"दुखतात अजून."

त्याने मान हलवली. केकचा खोका उचलला, त्याच्याकडे पाहिलं, त्याला तो चावता येणार नव्हता. तरी घेऊन आत गेला आणि दार लावलं. जोरात नाही.

गाडीत कांतोकुंनी रुमाल नाकाशी धरला होता. मोटरवेवर लागल्यावर म्हणाले, "कमरेतून नाही आला त्याचा हात. नुसता खांदा."

मला हसू आलं आणि हसल्यावर इतकं दुखलं की गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्या हिवाळ्यात ते जपानला जाऊन आले. परत आल्यावर मी त्यांच्या मुलीकडे गेले तेव्हा त्यांनी चहा ओतत सांगितलं. ते त्या पिचरच्या गावी गेले होते, ज्याचं कोपर त्यांनी मोडलं होतं. इतक्या वर्षांत एकदाही गेले नव्हते. त्याने दार उघडलं, ओळखलं, आत ये म्हणाला नाही. कांतोकुंनी दारातच वाकून माफी मागितली. तो ऐकून घेत होता, आणि मग म्हणाला, "तुझ्या अंगावर टाकायला मला माझ्या मॅनेजरने सांगितलं होतं. दोन्ही वेळा. तुला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. तू कधी विचारलंच नाहीस." आणि त्याने दार लावून घेतलं.

"मला वाटायचं त्याचा माझ्यावर राग आहे," कांतोकु म्हणाले. "मी त्या रागावर जगलो. खेळलो. राग नव्हताच. नुसती खूण होती."

 त्यांची मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून आमच्याकडे बघत होती.

मी अजून कॅचर आहे. बरगड्या थंडीत ठणकतात. खुणा आता बाकावरून येत नाहीत, मीच ठरवते. पिचर बंदी संपल्यावर परत आला. चेंडू पूर्वीइतका जोरात येत नाही. बॅटर जरा जवळ उभा राहिला की तो हात आखडता घेतो, आणि आम्ही हरतो. मी त्याला काही म्हणत नाही.

मी कांतोकुंना दर पंधरवड्याला भेटते. ते सामन्याचं विचारतात, कोणता चेंडू टाकला, का टाकला. मागच्या वेळी मी सांगितलं की शेवटच्या डावात आमच्या दोन खेळाडूंनी सोपा झेल एकमेकांवर सोडून खाली टाकला. ते ऐकून त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली. कप उडाले, चहा सांडला. मुलगी खुर्चीतून अर्धी उठली.

कांतोकुंनी तिच्याकडे पाहिलं. मग तो हात त्यांनी हळूच उचलला, आपल्या मांडीखाली घातला आणि त्यावर बसले.

"पुढे," ते मला म्हणाले. "मग काय झालं?"